पंचवीस वर्षांनी पुन्हा फायरिंग पॉइंटवर: जुनी फौजी घराण्यातली रायफल आणि आपण

कामठीच्या एनसीसी कॅम्पात मी पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफल खांद्याला लावली, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. उस्ताद मागून एकच वाक्य सांगत होते : "घोडा खींचना नहीं, दबाना है." त्यानंतर नोकरी, संसार, उमरेडकडची शेती यात पंचवीस वर्षं गेली. बाबांनी सत्तरी ओलांडली आणि त्यांची .३१५ रायफल माझ्या नावावर झाली, तेव्हा हा खेळ पुन्हा सुरू केला. सुरुवात चुकीच्या टोकापासून केली. पहिल्याच दिवशी रेंजवर गेलो, एका बैठकीत तीस गोळ्या झाडल्या. खांदा काळानिळा पडला, आणि त्याहून वाईट म्हणजे घोडा दाबताना डोळे मिटायची सवय लागली. ती मोडायला चार महिने गेले. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

कोणती रायफल, आणि कागद कोणते

एनसीसीत चालवलेली .३०३ आपल्याला घरी ठेवता येत नाही. ते फौजी काडतूस निषिद्ध बोअरमध्ये (नळीच्या व्यासाच्या बंदी असलेल्या मापात) मोडतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. इंग्रजांच्या काळापासूनचं धोरण असं की फौजेचं काडतूस लोकांच्या हाती जाऊ द्यायचं नाही. म्हणून इशापूरच्या रायफल फॅक्टरीने थ्री-नॉट-थ्रीच्याच, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीच्या, यंत्रणेवर ८ मिलिमीटरचं वेगळं काडतूस बसवून .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली. विदर्भात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या रायफलींत हीच जास्त दिसते. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा, तोच, मागच्या बाजूला लॉक होणारा. बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जाते तेही तसंच, आणि घोड्याचे दोन दबावही तेच. ज्याचा हात थ्री-नॉट-थ्रीवर बसला आहे त्याला ती लगेच ओळखीची वाटते.

कागदांचं काम आधी उरका. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडील गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आणि सामान्य परवानाधारकाला ३ ऐवजी २ च शस्त्रं ठेवता येतात. घरात आजोबांची बंदूकही असेल तर हा हिशोब आधी मांडा. परवान्यावर युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) आहे ना, रायफलीच्या बॉडीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर आकड्याला आकडा जुळतो ना, हे स्वतः भिंग घेऊन बघा. परवाना पीकसंरक्षणासाठी असेल तर क्रीडा हे प्रयोजन लावून घ्यायचं ते आत्ताच. आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, तेव्हा निवडणुकीचे महिने सरावाच्या हिशोबातून वजा धरा.

आणखी एक. दहा मीटरच्या एअर रायफल हॉलमध्ये ही रायफल चालत नाही. मोठ्या बोअरसाठी लक्ष्यामागे गोळ्या अडवणारा मातीचा उंच बट असलेली, परवानगी असलेली खुली रेंजच लागते. शेतावर, तलावाच्या पाळीवर किंवा जंगलाच्या कडेला "दोन गोळ्या मारून बघू" हा विचारसुद्धा मनात आणू नका. आपल्या आजूबाजूला पेंच आहे, ताडोबा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुकीसह रानात सापडलेल्या माणसाचं कुणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

रायफल तपासणं

माझी रायफल बारा वर्षं कपाटात उभी होती. मी तिला हात लावण्याआधी नळीत डोकावलो आणि पलीकडचा उजेडच दिसेना. कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात मातीचं घर केलं होतं. आपल्याकडच्या व्हरांड्यात, कोठीत ही माशी कुठल्याही भोकात घर करते. तशी गोळी झाडली असती तर नळी फाटली असती. म्हणून पहिली पायरी : मॅगझिन काढा, बोल्ट काढा, आणि चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या टोकाकडून, उजेडाकडे बघा. दरवेळी, मग काल बघितलं असलं तरी.

बोल्ट काढायला हँडल वर, बोल्ट पूर्ण मागे, मग पुढचं बोल्ट-हेड फिरवून वर उचलायचं आणि मागे ओढून घ्यायचा. परत बसवताना बोल्ट-हेड आट्यांत पूर्ण फिरलेलं आहे का ते बघा. दोन रायफली एकत्र साफ करत असाल तर बोल्टांची अदलाबदल होऊ देऊ नका. या घराण्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीला जुळवलेला असतो, बोल्टच्या हँडलवर नंबर कोरलेला असतो तो त्यासाठीच.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचा चेहरा आणि चेंबरमध्ये काडतुसाची कड टेकते ती जागा यातलं अंतर, गेज (मोजमापाचं साधन) असलेल्या जाणकार मिस्त्रीकडून मोजून घ्या. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. नंतर मात्र एक खूण तुम्हाला स्वतःला बघता येते. झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळकांड्यावर, म्हणजे केसवर, बुडापासून थोडं वर चमकदार कडं दिसलं, किंवा आतून बारीक वाकवलेली तार फिरवताना तिथे खाच लागली, तर पितळ ताणलं जातंय. त्या दिवशी फायर बंद, रायफल मिस्त्रीकडे.

मिस्त्री निवडताना जपा. मी पहिल्यांदा ज्याच्याकडे दिली त्याने गेज लावलंच नाही, लाकडाला झगझगीत व्हार्निश मारून परत दिली. ते खरवडून काढायला मला दोन रविवार लागले.

लाकूड ही या रायफलीची दुखरी जागा. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लाकूड आक्रसतं, पेच ढिले होतात. जुलैत तेच लाकूड फुगून नळीला दाबतं, आणि तीच रायफल वेगळीकडे मारायला लागते. म्हणून ट्रिगर-गार्डचा पुढचा पेच ऋतू बदलला की तपासायचा. रायफलीचा मागचा बट, म्हणजे खांद्याला लागणारं लाकूड, काढायचा झाला तर एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा : आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच बटातला लांब बोल्ट फिरवायचा. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. उलट क्रमाने फिरवलात तर लाकूड सरळ चिरतं. जुन्या एनफिल्डांपैकी कितीतरी अशाच फुटल्या आहेत.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल. फौजेतही हेच वापरत, आणि आपल्याकडे तर जवस पिकतो. घाण्यावरून पावशेर आणा, चार थेंब तळहातावर घ्या, हात गरम होईपर्यंत चोळा, रात्रभर राहू द्या. आठवड्याने पुन्हा. पाच-सहा हात झाले की लाकूड आतून उजळतं. पण तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच हा धोका पत्करू नका. चिंधी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

स्वतःला तपासणं

इथेच परतणाऱ्या माणसाची खरी अडचण असते. रायफल आहे तशीच राहिली, डोळे बदलले. अठराव्या वर्षी डोळ्याकडच्या बॅकसाइटची खाच, नळीच्या टोकाची फोरसाइट आणि लक्ष्य असं तिन्ही साफ दिसल्यासारखं वाटायचं. पन्नाशीत फोरसाइटच धूसर होते, आणि माणूस नकळत लक्ष्याकडे बघायला लागतो. मग गोळ्या कागदभर पसरतात आणि दोष जुन्या नळीला लागतो.

नेमाचा नियम बदललेला नाही : फोरसाइट स्वच्छ, लक्ष्य धूसर, बॅकसाइट त्याहून धूसर. चष्मा त्या हिशोबाने लागतो. मी घरी रायफल खांद्याला लावून डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचं अंतर तुरीच्या तुराटीने मोजलं, तुराटी तेवढीच कापली आणि ती घेऊन धरमपेठेत चष्म्याच्या दुकानी गेलो. (रायफल घेऊन जायची नाही, हे सांगायला नको.) तपासणाऱ्याला म्हटलं, या काडीचं टोक मला कोरीव दिसलं पाहिजे आणि दूरचा काळा गोळा गोल कळला पाहिजे, बस. दूरच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ ची भर घातली की बहुतेकांचं काम होतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याने नेम धरू नका. मान जरा हलली की नंबर बदलतो.

कान. एनसीसीत आम्ही कापूस घालायचो, त्याने काही होत नाही. कानात फोमचे प्लग आणि वरून इयरमफ, दोन्ही. .३१५ चा आवाज छपराखाली आणखी मोठा लागतो, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही.

अंग. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला रोज पाऊण तास चालणं आणि घरी सतरंजीवर पालथं पडून मान वर धरायची सवय, एवढं पुरे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रेंजच्या दिवशी ती चुकवू नका, चहा मात्र चुकवा.

काडतुसाशिवाय तीन महिने

आखाड आणि श्रावण हे यासाठी उत्तम. बाहेर पाऊस, रेंजवर चिखल, आणि घरात वेळ. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. चेंबर डोळ्याने आणि करंगळीने, दोन्हींनी तपासायचं. चेंबरमध्ये डमी काडतूस, ज्याच्या बुडाला ठळक रंग लावलेला आहे. समोर भक्कम भिंत, तिच्यावर मोहरीएवढा काळा ठिपका. घरात कुणी मधे येणार नाही अशी वेळ.

मग सतरंजीवर आडवे व्हा. डावा कोपर रायफलीच्या जवळजवळ खाली, स्लिंग (रायफलीचा पट्टा) दंडावर घट्ट, पण नाडीचे ठोके फोरसाइटवर दिसतील इतकी घट्ट नको. बट खांद्याच्या खळगीत, गाल लाकडावर दरवेळी त्याच जागी. आता सगळ्यात महत्त्वाचं : डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. फोरसाइट ठिपक्याच्या डावीकडे गेली असेल तर हाताने रायफल उजवीकडे ढकलू नका. डावा कोपर जागचा हलवू नका, कंबर जराशी डावीकडे सरकवा. रायफल आपोआप उजवीकडे येते. वर-खाली असेल तर पोट पुढे-मागे. परत डोळे मिटा, परत उघडा. स्नायूंनी ओढून आणलेला नेम घोडा दाबताक्षणी मूळ जागी पळतो. अंगाने स्वतःहून धरलेला नेम हलत नाही. मला हे पटायला दोन आठवडे लागले, आणि माझे निम्मे भरकटलेले शॉट तिथेच संपले. ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी), ज्यात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, तो प्रकार .२२ चा असला तरी त्याचा पाया हाच आहे.

श्वास अर्धा सोडून थांबा. घोड्याचा पहिला दबाव घ्या, बोट भिंतीला टेकल्यासारखं अडतं. तिथून दुसरा दबाव हळूहळू वाढवत न्या. आठ सेकंदांत सुटला नाही तर बोट काढा, श्वास घ्या, पुन्हा पहिल्यापासून. माझी मुलगी नळीवर फोरसाइटच्या मागे रुपयाचं नाणं ठेवायची. पहिल्या आठवड्यात दहापैकी आठदा ते खाली पडलं. श्रावण संपेपर्यंत वीसच्या वीस वेळा जागेवर राहिलं. नाणं ठेवतानाही बोल्ट उघडा आणि ठेवणारा बाजूने येणारा, समोरून नाही. रोज वीसच दाबा. एकविसावा नको.

शक्य असेल तर आठवड्यातून एकदा दहा मीटरच्या हॉलमध्ये एअर रायफल चालवा. तिची गोळी नळीत जास्त वेळ असते, म्हणून दाबल्यानंतर नेम धरून राहायची सवय लागते. ती इथे कामी येते.

रेंजवर

दिवाळी झाली की चला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळची हवा स्थिर असते. मार्चनंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांत काळा गोळा पाण्यात पडल्यासारखा हलतो.

नेताना रायफल बंद पेटीत, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळी, परवाना सोबत. घर ते रेंज आणि रेंज ते घर. वाटेत तर्री-पोह्यांसाठीही मी गाडी थांबवत नाही.

आदल्या रात्री नळी आणि चेंबर कोरडं करून घ्या. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. तेलकट नळीतली पहिली गोळी तर भलतीकडेच जाते. फोरसाइट घासून घासून चमकायला लागली असेल तर एक जुना उपाय देवघरातच आहे. बोल्ट काढलेला, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि फोरसाइटखाली कापराची वडी पेटवायची. दोन सेकंदांत मखमली काजळी बसते, उन्हाची तिरीप त्यावर चमकत नाही. बोट लागलं की जाते, म्हणून शेवटी करायचं.

पहिल्या दिवशी २५ मीटर आणि जास्तीत जास्त पंधरा गोळ्या. पहिली नळी तापवायला, ती मोजायची नाही. मग पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, दोन गोळ्यांत मिनिटभर अंतर. काळ्या गोळ्याच्या बरोबर बुडाशी फोरसाइट टेकवायची. मधे उठून साइट हलवू नका. एका गोळीवरून काही कळत नाही, पाचांच्या मध्यावरून कळतं. ग्रुप लहान पण भलतीकडे असेल तर साइट हलवायची. ग्रुपच पसरलेला असेल तर साइटला हात लावायचा नाही, घरी सतरंजीवर परत जायचं.

हलवायची किती, याचा हिशोब सोपा आहे. दोन साइटमधलं अंतर पन्नास सेंटिमीटर धरा. ५० मीटरवर ते बरोबर शंभरपट होतं. फोरसाइट एक मिलिमीटर सरकली की गोळी दहा सेंटिमीटर सरकते, दशांश मिलिमीटरला एक सेंटिमीटर. म्हणून हातोडीचा घाव नको, साइट सरकवायचं हत्यार असलेल्या माणसाकडूनच सरकवा. दिशा लक्षात ठेवा : गोळी ज्या बाजूला चुकते, फोरसाइट त्याच बाजूला सरकवायची. गोळ्या डावीकडे जात असतील तर फोरसाइट डावीकडे. वर जात असतील तर अधिक उंच फोरसाइट. बॅकसाइटचं उलट, जिकडे गोळी न्यायची तिकडे. पंचवीसला जमलं की पन्नास, मग शंभर, एकाच दिवशी नाही.

घोडा दाबला आणि आवाज आला नाही तर रायफल मातीच्या बटाकडेच रोखून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज फुसका आला, धक्का हलका लागला, तर तिथेच थांबा, बोल्ट काढा आणि नळीतून उजेड बघा. गोळी आत अडकलेली असू शकते. मागून पुढची झाडली तर नळी फुटते. जुन्या पेटीतली, काळपट किंवा हिरवी पडलेली काडतुसं वापरूच नका. बाबांच्या काळातली चाळीस होती, मी परवाना दाखवून ती अधिकृत दुकानदाराकडे जमा केली.

डोळे मिटायची सवय लागलीच असेल, जशी मला लागली, तर रेंज अधिकाऱ्याला विचारून मित्राला बसवा. त्याने तुमच्या नकळत कधी खरं काडतूस भरायचं, कधी रंगवलेली डमी. डमीवर नळी खाली झुकली की तुम्हालाच लख्ख दिसतं. दोन-तीन बैठकींत फरक पडतो.

परत आल्यावर

त्याच दिवशी साफ करायची. जुन्या फौजी काडतुसांच्या कॅपमधून (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून) नळीत क्षार बसतात, ते तेलाने जात नाहीत, पाण्याने जातात. लॉटबद्दल शंका असेल तेव्हा मी चेंबरला फनेल लावून साधारण लिटरभर उकळतं पाणी नळीतून सोडतो, लाकडाला जुना पंचा गुंडाळून. नळी इतकी तापते की स्वतःच वाळते. मग पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी), चिंधी चार बाय दोन इंचांची कोरडी, ती स्वच्छ येईपर्यंत. शेवटी चार बाय दीडची तेलाची. पुलथ्रूची दोरी नळीच्या तोंडावर एका बाजूला घासून ओढू नका, सरळ ओढा. तिरक्या दोरीने वर्षानुवर्षांत तोंडाशी खाच पडते आणि चांगली नळी कायमची पसरून मारायला लागते. पावसाळ्यात फायर केलं नाही तरी दर पंधरा दिवसांनी तेलाची चिंधी फिरवायची. आणि कपाटात नळीच्या तोंडाला बूच लावून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. माशीसाठी बारीक जाळी पुरते.

शेवटी वही. तारीख, वेळ, ऊन कुठून, काडतुसाचा लॉट, अंतर, ग्रुपची रुंदी, आणि प्रत्येक गोळी सुटली तेव्हा फोरसाइट कुठे दिसली हे कागद बघण्याआधी लिहायचं. माझ्या वहीत पहिल्या दिवसाचा ५० मीटरचा ग्रुप एकवीस सेंटिमीटर आहे. त्याच रायफलीचा, त्याच लॉटचा, पुढच्या जानेवारीतला साडेसहा. मधल्या काळात रायफलीत मी फक्त एक पेच आवळला होता.